भाताचं वकीलपत्र

भर पंगतीत शेजारच्या पाहुण्याचं मनगट धरणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे माझ्या वरच्या मजल्यावर. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात मुलीकडचे एक वजनदार पाहुणे भातावर वरण घेऊन, बाही सरसावून, पाची बोटांनी तो मनापासून कुस्करायला बसले होते. सगळे कुस्करतात तसाच. तेवढ्यात शेजारच्या पानावरून एक हात आला आणि त्यांचं मनगट जागच्या जागी थांबलं.

"हरकत आहे," वकीलसाहेब म्हणाले.

"कशाला?" पाहुणे.

"शीत मोडू नका. शीत मोडलं की पुरावा नष्ट झाला. वरण वेगळं प्या, भात वेगळा खा, काय हवं ते करा. पण कुस्करू नका."

पाहुण्यांना वाटलं, मुलाकडचा कुणीतरी रुसलेला काका असावा. लग्नात रुसलेल्या काकाशी वाद घालायचा नसतो, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला, भात बाजूला सारला आणि जेवण संपेपर्यंत नुसत्या जिलब्या खाल्ल्या. म्हणजे त्यांच्या साखरेचं काय झालं असेल ते तुम्हीच बघा. पण वकीलसाहेब घरी येताना खुशीत होते. "एक शीत वाचवलं, मॅडम," असं मला जिन्यात सांगून वर गेले.

हे विश्वासराव. भोरच्या कोर्टात त्यांचं आयुष्य बांधाच्या आणि वाटणीच्या दाव्यांत गेलं. आता साठी उलटली तरी काळा कोट सुटत नाही. गावात त्यांना भातवकील म्हणतात. कुणी तोंडावर म्हटलं तरी ते रागावत नाहीत, उलट कोट सारखा करतात. आपल्याकडे एखाद्याची बाजू घ्यायची नसेल तर आपण म्हणतो, मी काय त्याचं वकीलपत्र घेतलेलं नाही. या माणसाने भाताचं घेतलं. फी न घेता, आणि पक्षकाराने न सांगता.

मी त्यांच्या खालच्या गाळ्यात लॅब चालवते. रक्त, लघवी, थुंकी, सगळं तपासते. माझ्याकडे कुणी हसत येत नाही, त्यामुळे मीही फारशी हसत नाही. लोक मला तुसडी म्हणतात. म्हणू देत. सकाळी उपाशीपोटी आलेल्या वीस माणसांच्या दंडाला पट्टा बांधून बघा, मग तुमच्या जिभेला किती साखर राहते ते मी तपासून देते.

वरच्या घरात दोनच माणसं. वकीलसाहेब आणि त्यांच्या सासूबाई, हौसाबाई. ते त्यांना मामी म्हणतात, म्हणून आम्ही सगळेच मामी म्हणतो. मामी वेल्ह्यातल्या, गुंजवण्याकडच्या. त्यांची भातखाचरं धरणाच्या पाण्यात गेली. पण बाई अजून आभाळाकडे बघून लावणी कधी धरायची ते ठरवतात. वकिलांच्या पत्नी शालनताई आजारी पडल्या तेव्हा मामी लेकीची शुश्रूषा करायला चार कपडे घेऊन भोरला आल्या. लेक गेली. मामी राहिल्या.

यावर आमच्या गल्लीने पुष्कळ तोंड वाजवलं. बायको गेल्यावर सासू कशाला सांभाळायची? तिला पुण्यात सख्खा मुलगा आहे, त्याने न्यावी. बरं, मामी वकिलांशी गोड बोलतात म्हणावं तर तेही नाही. सकाळ झाली की वरून भांडण ऐकू येतं. एक बाजू कायद्याच्या भाषेत, दुसरी वेल्ह्याच्या. मला विचाराल तर असलं खणखणीत भांडण ज्या घरात चालतं ते घर मला आवडतं. गप्प घरांतले रिपोर्ट मी फार पाहिले आहेत.

तर मामींना साखर निघाली. माझ्याच लॅबमध्ये निघाली, त्यामुळे मामी मला कायमच्या सुईवाली म्हणू लागल्या. डॉक्टरांनी कागदावर गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ ओढून म्हणाले, "आजी, भात पूर्ण बंद. भाकरी खायची."

मामी वर गेल्या आणि जेवेनाशा झाल्या. हट्ट नव्हता तो. भाकरी त्या खायच्या, भाजी खायच्या, आणि पान सारून तशाच बसून राहायच्या. वकिलांनी विचारलं, जेवलात ना? तर म्हणाल्या, "कुठं? आजून भात न्हाई आला." भाताच्या मुलखातल्या माणसाचं हे असंच असतं. भात पानात पडेपर्यंत जे काही चालतं ती नुसती तयारी. त्यांचं वजन माझ्या डोळ्यांदेखत उतरू लागलं. दोन महिन्यांत बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत मागे सरायला लागल्या.

तेव्हा वकीलसाहेब डॉक्टरांकडे गेले. सोबत मीही होते, म्हणून हे सांगू शकते.

"डॉक्टर, माझ्या अशिलाचं म्हणणं न ऐकता तुम्ही जन्मठेप दिलीत."

"आजींना?"

"भाताला. सरसकट भात दोषी, हा कुठला न्याय? कुठला भात? कसा शिजवलेला? किती? कशाबरोबर? उलटतपासणी झाली?"

डॉक्टर बिचारे तरुण, बाहेर पेशंटांची रांग. ते म्हणाले, "काका, भात म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजे साखर."

"शेत म्हणजे माती आणि माती म्हणजे धूळ असं म्हटलं तर माझे निम्मे दावे निकाली निघतील," वकील म्हणाले आणि उठले.

त्या दिवसापासून त्यांनी अभ्यास सुरू केला. मोबाईलवर काय काय वाचायचे आणि अर्धवट समजलेलं घेऊन माझ्याकडे यायचे. एका दुपारी ते स्टीलचे दोन डबे घेऊन हजर. एकात मोकळा, शीत न् शीत वेगळं असलेला भात. दुसऱ्यात त्याच तांदळाचा गुरगुट्या, पळीने घोटलेला.

"मॅडम, तुमच्याकडे आयोडीन आहे?"

आहे. संडासच्या तपासणीला लागतं. हे मी त्यांना सांगितलं, म्हणजे माणसाला किळस येऊन तो जाईल. तो गेला नाही. त्याने दोन काचेच्या नळ्या मागितल्या. एकीत मोकळी शितं टाकली, दुसरीत गुरगुट्या. मग पाठ फिरवून दोन्हींत स्वतःची थुंकी घातली, आणि बाकावर बसून राहिला. माझे पेशंट त्याच्याकडे बघत होते. तो पेशंटांना समजावत होता, की लाळेतला रस पिठाची साखर करतो, पण त्यासाठी त्याला आत शिरावं लागतं.

काही वेळाने आम्ही दोन्ही नळ्यांत आयोडीन टाकलं. पीठ असेल तिथे ते निळंकाळं होतं. गुरगुट्याच्या नळीत रंग मरगळला, तपकिरी पाणी झालं, म्हणजे बरंचसं पीठ विरघळून गेलेलं. आणि मोकळी शितं? काळीकुळकुळीत. जशीच्या तशी बसलेली.

"बघा!" वकीलसाहेब एवढ्या जोरात ओरडले, की बाकावरच्या एका आजोबांचा नमुना सांडला. "अखंड शीत म्हणजे कुलूपबंद घर. आत पिठाचा माल. पाचकरस म्हणजे बेलीफ. वॉरंट घेऊन दारात उभा. दार शाबूत आहे तोवर त्याला एकेक खोली उघडत जावं लागतं. माल हळूहळू बाहेर येतो, रक्ताला पेलेल एवढाच. आणि गुरगुट्या म्हणजे काय? भिंतीच पाडल्या! सगळा माल एकदम रस्त्यावर!"

हे माझ्या शिक्षणातच आहे. दाणा जेवढा अखंड तेवढा तो सावकाश पचतो; घोटलेला, कुस्करलेला, पीठ केलेला पटकन. पण बेलीफ घालून कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त एवढं म्हटलं, की दार कितीही मजबूत असलं तरी परातभर घरं खाल्ली तर साखर वाढणारच. "मान्य," ते म्हणाले, "माप ठरवू. एक वाटी. सोबत डाळ आणि पालेभाजी. गोळ्या चालूच. जामीन नेहमी अटींवरच मिळतो."

डॉक्टरांनीही, बहुधा सुटका व्हावी म्हणून, या अटींवर होकार दिला.

पण पहिलीच अडचण घरातली निघाली. आमच्याकडचा लाडका तांदूळ इंद्रायणी. शनिवार-रविवारी पानशेतला येणारी पुण्याची मंडळी गाड्यांच्या डिक्क्या भरभरून नेतात. वास असा, की शेजारच्याला भूक लागावी. पण शिजला की चिकट, शीत शिताला सोडत नाही, आणि चिकट भाताचं पीठ लवकर हाती लागतं. वकीलसाहेब दोन दिवस अस्वस्थ होते. "स्वतःच्या गावचा साक्षीदार फितूर निघाला, मॅडम," एवढंच म्हणाले.

मग ते कामथडीच्या बाजूला एका गिरणीवर गेले आणि गिरणीवाल्याला म्हणाले, कोलमाचं नुसतं फोल काढ, पॉलिश मारू नकोस, लाल साल राहू दे.

"सायेब, असला तांदूळ आमी कोंबड्यांना घालतो," गिरणीवाला म्हणाला.

"तुझ्या कोंबड्यांना साखर आहे?"

"न्हाई."

"नोंद घ्या," वकीलसाहेब हवेत बघून म्हणाले, आणि पोतं एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले.

शिजवायचं काम त्यांनी कुणाला दिलं नाही. कुकर माळ्यावर गेला. मोठं पातेलं, भरपूर पाणी, तांदूळ उकळायला लागला की हे पळी घेऊन उभे. दर थोड्या वेळाने एक शीत काढायचं, चिमटीत दाबायचं आणि खिडकीच्या उजेडात धरायचं. मधोमध तांदळाचा पांढरा बारीक ठिपका दिसला पाहिजे. त्याला आपल्याकडे कणी म्हणतात. कुठल्याही सुगरणीला विचारा, भातात कणी राहणं ही नाक कापल्यासारखी गोष्ट. नव्या सुनेच्या भातात कणी राहिली तर अख्खी भावकी बोलते. आणि हा माणूस कणी राहिली की "आहे! कणी आहे!" असं ओरडून पातेलं उतरवायचा. झाकण धरून पेज वेळून टाकायचा. भात गार करायचा, कारण गार भातातलं पीठ पुन्हा आवळून बसतं म्हणे. मग मामींना वाढायचा.

मामींचा पहिल्या दिवशीचा अभिप्राय मी खाली ऐकला.

"ह्यो भात हाय व्हय? छर्रं हायती छर्रं! बंदुकीत घाला आन उडवा!"

"मामी, चावून खा."

"कशानं चावू? तुमच्या कायद्यानं? दात हायती का माज्या तोंडात?"

हा मुद्दा वकिलांच्या ध्यानातच आला नव्हता. मामींच्या तोंडात दात नाहीत आणि कवळीला त्या हात लावत नाहीत. मेलेल्या माणसाची वाटते म्हणे. त्यामुळे मामींचा जन्मभराचा आवडता पदार्थ एकच: गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. म्हणजे ज्याच्या सगळ्या भिंती पाडलेल्या आहेत, नेमका तोच. पण वकील हार मानतील तर ते वकील कसले? त्यांनी रात्रीतून उलटा युक्तिवाद तयार केला. "दात नाहीत हे तर उत्तमच! चावणं म्हणजे तरी काय, तोंडातलं कुस्करणंच. चार शितं घ्या, आमटीचा घोट घ्या, सावकाश गिळा. शीत अखंड आत जाईल." मामी चार शितं आमटीबरोबर गिळायच्या आणि प्रत्येक घोटाला जावयाच्या खानदानाचा उद्धार करायच्या. तरी भात म्हणजे भात. बाई पुन्हा जेवू लागल्या. बांगड्या जागेवर आल्या. आणि आठवड्याला मी बोट टोचायची, तर साखर बरीच आवाक्यात.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना एका शब्दाने घात केला.

वकिलांना एका जुन्या दाव्यासाठी दोन दिवस पुण्याला जावं लागलं. जाताना त्यांनी भांडी घासणाऱ्या शेवंताला भाताचं सगळं समजावलं. घाईत शेवटचं वाक्य असं म्हणाले, "बाकी काही विसरलीस तरी चालेल. मामींच्या भातात कणी पाहिजे म्हणजे पाहिजे."

आता कणीचा आणखी एक अर्थ आहे. गिरणीत तांदूळ भरडताना तुकडे पडतात, चाळून बाजूला काढतात, तीही कणी. शेवंताच्या घरी तीच शिजते. तिने बिचारीने दुकानातून कणी आणली आणि तिला जशी येते तशी रटरटून, पळीने घोटून, मऊसूत करून मामींना वाढली. वर तूप घातलं. साहेबांनी बजावून सांगितलं होतं, म्हणून दोन्ही वेळा भरपूर वाढली.

मामींना फरक कळला नसेल असं समजू नका. भातात जन्म गेलेली बाई ती. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "म्या म्हनलं, जावयबापूंना दया आली आसंल. आपुन कशाला इचारायचं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींना गरगरलं. शेवंता धावत खाली आली. मी वर जाऊन बोट टोचलं आणि मीटरवरचा आकडा बघून मीटर बदलून पुन्हा टोचलं. आकडा तोच. डॉक्टर आले, औषध झालं, संध्याकाळपर्यंत मामी ठीक झाल्या. पण नेमका त्याच दिवशी मामींचा मुलगा संपत पुण्याहून आईला भेटायला आलेला. त्याने ते सगळं बघितलं.

संपत वाईट माणूस नाही, हे आधी सांगते. गोष्टीत असा मुलगा आला की वाचणाऱ्याला तो कपटी हवा असतो. तो नाही. कंपनीत नोकरी, डोक्यावर टक्कल, आईवर जीव. वकील रात्रीच्या गाडीने परतले तेव्हा तो जिन्यात बसून होता. सकाळी माझ्या लॅबमध्येच दोघांचं बोलणं झालं, कारण वर मामी ऐकत होत्या.

"दाजी, तुम्ही आईला भात घालता?"

"कणीचा घोटाळा झाला, संपत. कणी म्हणजे कणी, आणि शेवंताने आणली ती कणी."

संपतने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, पण दोन कण्या एका वाक्यात सांगितल्या की खरं बोलणारा माणूसही खोटा वाटतो.

"दाजी, ताई होती तोवर ठीक होतं. आता आई तुमच्याकडं कुठल्या नात्यानं राहती? माझी बायको तिला दोन वेळा भाकरी करून घालंल, भात दिसणार सुद्धा नाही. मी तिला न्यायला येतो."

मला वाटलं, आता तोफ सुटणार. हरकत, उलटतपासणी, सगळं होणार. वकिलांनी नुसती कोटाची बटणं लावली, परत काढली. मग म्हणाले, "मला मुदत दे. तीन महिन्यांची साखर काढणारी जी तपासणी असते, ती आज काढू आणि तीन महिन्यांनी काढू. आठ टक्क्यांच्या आत आली तर मामी इथे. नाही आली तर मी स्वतः गाडीत बसवून देतो. आणि भाताचं वकीलपत्रही सोडतो."

संपतने विचार केला आणि हो म्हणाला. तो गेल्यावर मी वकिलांवर चिडले. असली पैज लावतात का? त्या बाईच्या रक्ताच्या एका थेंबावर? सरळ त्याला सांगायचं होतं, की आई इथे सुखात आहे.

"कोणत्या अधिकाराने सांगू, मॅडम?" ते म्हणाले. "तो मुलगा आहे. मी कोण? बायको गेलेला जावई. सगळी पुस्तकं चाळली. माझ्यासाठी एकही कलम नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या भाताचा राग आला नाही.

पुढचे तीन महिने आमच्या इमारतीत आणीबाणी होती. शेवंताला "कणी" शब्द उच्चारायची बंदी झाली. भाताची वाटी मोजून, सपाट करून. मामींनी रोज गॅलरीत फेऱ्या मारायच्या आणि वकिलांनी मागून चालायचं. "लावनीत आमी दीसभर वाकायचो, आन ह्यो मला चालाया शिकवतोय," असं मामी वरून सगळ्या गल्लीला ऐकवायच्या. वकील मला येऊन विचारायचे, हळद चालेल का, ताक चालेल का, रडल्याने साखर वाढते का. मी म्हटलं, कोण रडतंय? तर म्हणाले, "कुणी नाही. माहिती असावी."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. मामी छर्रे म्हणून शिव्या द्यायच्या, पण पानात शीत टाकत नव्हत्या. कुरकुरत, चार-चार करून, वाटी रिकामी करायच्या. मेतकूट मागायच्या नाहीत. शेजारणीने बारशाचा शिरा आणून दिला तर परत पाठवला. मला वाटलं, गरगरल्यामुळे घाबरली असेल बाई.

तपासणीच्या सकाळी संपत आला. मी मामींचं रक्त घेतलं. "काढ, काढ, सुईवाले, लई रगत हाय माज्यात," म्हणत मामींनी हात पुढे केला. वकील माझ्या गाळ्याच्या दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत. दुपारी मशीनमधून कागद बाहेर आला. मी आकडा वाचला, पुन्हा वाचला.

आठाच्या आत होता. चांगला आत.

संपतने कागद घेतला, नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग वाकून वकिलांच्या पाया पडला. "दाजी, चुकलं माझं" वगैरे काही म्हणाला नाही, आणि त्याचं काही चुकलंही नव्हतं. "दर तीन महिन्यांनी कळवत जा," एवढंच म्हणाला आणि चारच्या गाडीने गेला.

वकीलसाहेब मग अनावर झाले. डॉक्टरांना फोन केला आणि त्यांना "निकालाची प्रत" वाचून दाखवली. गिरणीवाल्याला फोन करून सांगितलं, की त्याच्या कोंबड्या निर्दोष सुटल्या. मला म्हणाले, आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायचं, सबब ऐकून घेणार नाही.

मी गेले. स्वयंपाकघरातून वास येत होता, आणि तो कोलमाचा नव्हता. इंद्रायणीचा होता. वकिलांनी माळ्यावरचा कुकर उतरवला होता. मामी पाटावर बसल्या होत्या. वकिलांनी आतून एक छोटी वाटी आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. गुरगुट्या. पळीने घोटलेला, वाफ निघत होती, वर मेतकूट, त्यावर तुपाची धार.

"मामी, आज कोर्टाला सुट्टी," ते म्हणाले. "आजच्या दिवस."

मामींनी वाटीकडे पाहिलं. मान खाली घालून वास घेतला, डोळे मिटले. मी म्हणणार होते, एखाद्या दिवशी एवढ्याने काही होत नाही. तेवढ्यात त्यांनी हाताच्या पालथ्या बाजूने ती वाटी वकिलांच्या पानाकडे सारली.

"तुमीच खावा."

"अहो, का? निकाल लागला ना आपल्या बाजूने!"

"लागला की. पन तीन म्हैन्यानी ही बया परत सुई टोचनार न्हाई व्हय?" त्या माझ्याकडे वळल्या. "टोचनार का न्हाई गं?"

"टोचणार," मी म्हटलं.

"मंग? कागूद बिघडला, की न्हेनार न्हवं त्यो मला." त्या पानाकडे बघत बोलत होत्या, जावयाकडे नाही. "म्या ग्येल्यावर ह्ये एकलं जेवत्याल व्हय? शालन ग्येली तवा आठ-आठ दीस चूल पेटत नव्हती ह्या घरात. म्या बगितलंय. आना तुमचं छर्रं."

वकील उठले, आत गेले. पातेल्यावरचं झाकण वाजलं. परत आले तेव्हा चष्मा पुसलेला होता. त्यांनी गार झालेला लाल भात मामींच्या पानात वाढला, वाटीने मोजून, आणि समोर बसून तो मऊ भात स्वतः खायला लागले, खाली मान घालून.

मामींनी चार शितं उचलली, आमटीचा घोट घेतला, गिळलं आणि तोंड वाकडं केलं.

"लई वंगाळ झालाय," त्या म्हणाल्या. "आजून दोन शितं वाढा."